कार्डावरचे वजन

साल एकोणीसशे अडुसष्ट. त्या वर्षीच्या मार्चात सुताच्या कारखान्यामागच्या वस्तीत बायकांची एवढी लांब रांग लागू लागली, की तेवढी पाण्याच्या नळावरही कधी लागली नव्हती. रांग गोडमाईच्या दारातून निघायची, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला वळसा घालायची आणि नेमकी आरोग्यकेंद्राच्या खिडकीखाली येऊन संपायची. प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. खिडकीच्या आत तराजूबाई बसलेल्या असत, आणि हातातले काम सोडून रांगेतली डोकी मोजत.

"एकसष्ट," त्या स्वतःशीच म्हणत. "काल अठ्ठावन्न होत्या मेल्या."

तराजूबाई हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. अकरा वर्षे त्या वस्तीतल्या लेकरांची वजने घेत होत्या, म्हणून आयांनी ते ठेवलेले. छताला टांगलेला गोल काटा, त्याला कापडी झोळी, झोळीत लेकरू, आणि प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर तराजूबाईंच्या वळणदार अक्षरात दर महिन्याचे वजन. शिवाय दर मंगळवारी मागच्या खोलीत स्वयंपाकाचा वर्ग. लेकराला डाळ घट्ट द्या, नुसते वरचे पाणी नको; अंडे कुस्करून भरवा; पालेभाजी चिरायच्या आधी धुवा. वस्तीत दुकान एकच, तिथे बिस्किटे, साखर आणि चहाची पुडी. ताजी भाजी हवी तर पूल ओलांडून तासभर चालायचे. तराजूबाईंनी शेतांवर चौदा खेपा घातल्या, तेव्हा कुठे मंगळवारची भाजीची हातगाडी सुरू झाली. त्या गाडीचा त्यांना पोटच्या पोरासारखा अभिमान होता.

आणि मग थंडीत गोडमाई आली. पांढरे लुगडे, पाकात बुडवून काढल्यासारखा आवाज. ती लेकरांच्या कमरेला एक जाड शिवलेला पट्टा बांधायची आणि पैसे घेऊन भुकटीचा डबा द्यायची. लेकराने फक्त भुकटी खायची. भाजी, डाळ, अंडी बंद. पट्टा सोडायचा नाही, अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने. महिन्याने जुना पट्टा माई स्वतः काढणार आणि "वाढत्या ताकदीचा" नवा बांधणार.

"हिरवा पाला गुरं खातात गं बायांनो!" माई म्हणायची. "लेकरांना का गुरं करायचीत? पट्टा जड वाटतो? वाटणारच! तुझ्या लेकराचं आयुष्य त्यात साठतंय. आणि माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. मी अडाणी बाई. तराजूबाईंचा काटा काय बोलतो ते बघा!"

काटा तिच्याच बाजूने बोलत होता. पट्टा बांधलेले प्रत्येक लेकरू महिन्याला दीडशे-दोनशे ग्रॅमने वाढत होते, आणि ते तराजूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. आया ती कार्डे माईच्या दाराबाहेर दोरीवर चिमटे लावून टांगत. अकरा वर्षांत तराजूबाईंचे अक्षर कुणी एवढ्या कौतुकाने वाचले नव्हते.

मंगळवारच्या वर्गात बावीस बायकांच्या तीन उरल्या. त्यातली एक पंखा आहे म्हणून यायची. गाडीवरची भाजी सुकून परत जाऊ लागली आणि एके मंगळवारी गाडी आलीच नाही.

तराजूबाईंचा जळफळाट झाला. त्यांनी आरशासमोर आवाज गोड करून पाहिला. दुसऱ्या दिवशी एका लेकराला त्याच आवाजात "ये रे माझ्या राजा" म्हणाल्या, तर ते भोकाड पसरून रडले, आणि त्याच्या आईने विचारले, "बाई, घसा बसलाय का?"

पण खरा काटा घरातच रुतला होता. त्यांची स्वतःची सून चौदा महिन्यांच्या पिटुकलीला घेऊन माईकडे जाऊ लागली होती. जिला आपण भात कसा मऊ करायचा ते शिकवले, तिने परकीपुढे मान तुकवावी!

"अगं, मी काय मेले होते?" त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही रोज सांगता ते करून ती आठावर अडकली होती. माईकडे तीन महिन्यांत साडेआठ झाली. तुम्हीच लिहिलंय." आणि सून पुढे म्हणालीच, "तुम्हाला मत्सर वाटतो माईंचा."

आणि ते खरे होते.

एप्रिलात सून तापाने पडली. पिटुकलीला घाम आलेला, अंगावर पुरळ. तराजूबाईंनी बंब पेटवला. सुनेचा डोळा लागलेला पाहून त्यांनी नातीच्या कमरेचा पट्टा सोडला. आपल्या लेकराला आपण अंघोळ घालणार, माई कोण सांगणारी, एवढाच हट्ट होता मनात. पट्टा हातातून निसटला आणि फरशीवर पडला.

ठक्क.

चिंधी पडल्याचा आवाज असा येत नाही. त्यांनी तो उचलून शिवण चाचपली. आत एका ओळीत गोल, कठीण गोळ्या लागल्या. आधी त्यांच्या डोळ्यांपुढे आले ते भर रस्त्यात उतरलेले माईचे तोंड. काय आनंद झाला त्यांना! हसूच फुटले. मग पिटुकलीने हात वर केले, आणि त्या उघड्या बरगड्या पाहून तराजूबाईंचे हसू तिथेच विरले.

"आई! पट्टा सोडलात?" सून दारात उभी.

"धर," त्या म्हणाल्या. "एका हातात पट्टा, दुसऱ्या हाताने लेकीचा दंड धरून बघ."

सुनेने पट्टा हातात तोलला. दंडाभोवती तिचा अंगठा आणि बोट सहज जुळले.

"तुम्ही सांगितलं तर कुणी ऐकायचं नाही," ती म्हणाली. "म्हणतील, सासूचं पोट दुखतंय. मीच बोलते."

सोमवारी वजनाचा दिवस. माई नेहमीप्रमाणे केंद्रात खुर्ची टाकून बसली होती. आपला चमत्कार बघायला ती स्वतः यायची. चाळीसेक आया दाटीवाटीने उभ्या. सून पुढे झाली. तिने पिटुकलीला सासूकडे दिले आणि झोळीत नुसता पट्टा ठेवला.

काटा सातशे ग्रॅमवर जाऊन थांबला.



"सोडलास?" माई उठली. "आता लेकराला काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस!"

"नाही येणार. पण हे वजन कशाचं, तेवढं सांगा."

माई क्षणभर गडबडली, पण तिची जीभ मोठी तयारीची. "बघा गं बायांनो, बघा! शक्तीचं वजन! सातशे ग्रॅम शक्ती भरली होती मी ह्या पोरीसाठी!"

गर्दीतून एक धिप्पाड बाई पुढे आली. सूत कारखान्यात मुकादम होती. सगळ्या तिला फौजदार म्हणत. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि पट्ट्याची शिवण टरकन उसवली. करड्या गोळ्या फरशीभर घरंगळल्या. फौजदारने एक उचलून डोळ्यांजवळ धरली.

"माई," ती म्हणाली, "ही शक्ती माझा नवरा दर रविवारी गळाला बांधतो. शिसं आहे हे. मासे धरायचं!"

हशा पिकला, मग लगेच आरडाओरडा. आया आपापल्या लेकरांचे पट्टे ओरबाडून काढू लागल्या. जमाखर्च सगळ्यांनाच कळला. पहिला पट्टा हलका, दुसरा जड, तिसरा त्याहून जड. वाढत होते ते शिसे.

तेवढ्यात मागून एकजण कडाडली, "पण तराजूबाई, कार्डावर तर तुम्हीच लिहिलंत! तुमच्या अक्षरावर गेलो आम्ही!"

सगळ्यांच्या नजरा तराजूबाईंकडे वळल्या. माईने फसवले म्हणणे सोपे होते. तराजूबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरले.

"लिहिलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात मी दोघींना पट्टा काढायला सांगितला, तर त्या वजन न करताच निघून गेल्या. मग मी भ्याले. वाटलं, उरल्यासुरल्याही जाल. म्हटलं, चिंधीचं काय वजन असणार? मला हिचा मत्सर वाटत होता बायांनो, आणि त्या मत्सरापायी मी माझं साधं काम नीट केलं नाही. आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. टोपरं, झबलं, दोरा, सगळं काढा. लेकरू उघडं झोळीत घाला आणि काटा तुम्ही वाचा. वाचायला मी शिकवते."

त्या दिवशी दुपारपर्यंत चाळीस लेकरांची वजने झाली. एकतीस घटली होती. पिटुकली सात किलो आठशे. तराजूबाईंनी जुने आकडे खोडून शेजारी लाल शाईने खरे लिहिले, आणि प्रत्येक खाडाखोडीखाली आपली सही केली. गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी भुकटी तपासून घेतली. मैदा आणि पिठीसाखर. लेकरे पट्टे चोखत होती म्हणून शिशासाठी त्यांचे रक्तही तपासायला पाठवले. सहाजणांना मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले, पण सगळी हसतखेळत परत आली.

पुढे काय झाले, तेही सांगते. गाडी दुसऱ्याच मंगळवारी आली, आणि दोन वर्षांत पुलाच्या अलीकडे भाजीचे पक्के दुकान झाले. फौजदार काटा वाचायला शिकली आणि नोकरी संपल्यावर केंद्रातच मदतीला राहिली. कपडे न काढता लेकरू झोळीत घालणाऱ्या आयांना ती जे बोलायची, ते इथे लिहिता यायचे नाही. पिटुकली वखवखल्या भुकेने खाऊ लागली, हिवाळ्यापर्यंत नऊ किलोंच्या पुढे गेली, आणि आज पंचावन्न वर्षांची, दोन मुलांची आई आहे.

तराजूबाई निवृत्त झाल्यावर मंगळवारचा वर्ग सुनेने घेतला. खोली अपुरी पडायची, बायका व्हरांड्यात उभ्या राहायच्या. तराजूबाईंच्या वेळी असे कधी झाले नव्हते. घरी परतताना त्या म्हणायच्या, "बरा घेतलास वर्ग. पण डाळीला मीठ कमी होतं." सून म्हणायची, "मग पुढच्या वेळी तुम्ही घाला." आणि त्या घालायच्या, शेवटपर्यंत.

गोडमाई त्याच सोमवारी संध्याकाळच्या बसने पसार झाली. काही वर्षांनी कानावर आले, की दूरच्या एका शहरात ती आता जाड माणसांना बारीक करते. पहिल्या दिवशी पट्टा बांधून वजन घेते, आणि महिन्याने पट्टा सोडून. तिथेही म्हणे रांग लागते. तुमच्या वस्तीत ती आली, किंवा तिच्यासारखे दुसरे कुणी आले, तर भांडू नका, रागावू नका. पट्टा तेवढा सोडायला लावा, आणि काटा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.