अक्काचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माळव्यात धारला उदाजीरावांच्या परसात पेरूचे झाड आहे. पोपटांनी पेरू खाऊ नयेत म्हणून त्याच्या एका फांदीला मला सुतळीने टांगले आहे. पोपट सुरुवातीला मला भ्याले, आता माझ्या शेजारीच बसून खुशाल पेरू खातात. तुमच्यातल्या कित्येकांना सीडी म्हणजे काय तेही सांगावे लागेल. तळहाताएवढी गोल चकती, मध्ये भोक, एका बाजूला नाव लिहायची जागा आणि दुसरी बाजू आरशासारखी. त्या आरशावर डोळ्यांना न दिसणारे लिखाण असते आणि संगणक ते वाचतो. एके काळी मला फक्त कडेने धरीत. कोणी माझ्या अंगावर बोट ठेवले, तर माझी मालकीण अवंती त्याच्यावर डोळे वटारायची. आता माझ्यावर पोपटांची शीट पडते आणि कोणी पुसतही नाही. पण मला त्याचे एवढे वाईट वाटत नाही. वाईट कशाचे वाटते, तेच सांगायचे आहे.

मी देवासच्या एका दुकानात कोरी पडून होते. अवंतीने मला विकत घेतले. ती इंदूरला इंजिनिअरिंग शिकायची आणि रोज बसने ये-जा करायची. तिचे वडील अशोक देवासच्या एका कारखान्यात होते. तेव्हा इंटरनेटवरून रेडिओ ऐकवणारा एक प्रोग्राम तिला सापडला होता. परदेशातल्या काही मंडळींनी तो मिळून लिहिला होता आणि जगासाठी खुला ठेवला होता. कोणीही घ्यावा, आत काय लिहिले आहे ते बघावे, हवे ते बदलावे. अवंतीला या गोष्टीचे फार नवल वाटायचे. आपल्याकडे शेजारणीला लोणच्याची कृती सांगतानासुद्धा लोक एखादा मसाला लपवतात, असे ती म्हणायची.

हा प्रोग्राम तिला एकाच माणसासाठी हवा होता. ते माणूस म्हणजे धारची अक्का.

अक्का ही अवंतीच्या आजोबांची थोरली बहीण. आजोबांना सगळे बापू म्हणत. दोघे भावंडे लहानपणी बागलीला वाढली, कारण त्यांचे वडील तिथल्या जहागिरीत कामाला होते. मग अक्काचे लग्न धारच्या दरबाराशी संबंध असलेल्या घरात झाले, बापू देवासला स्थायिक झाले आणि म्हातारपणी थोरल्या मुलाने त्यांना अमेरिकेला नेले. तिथे बापूंचे कान पार गेले. फोनवर पलीकडचे काहीच ऐकू येईना, की त्यांना वाटे लाइन तुटली. ते "हॅलो, हॅलो" करीत आणि घाबरून फोन ठेवून देत. इकडे अक्का ओरडून ओरडून दमायची. वर्षभर बहीणभावांत धड एक वाक्य झाले नव्हते.

त्या वर्षी दसरा रविवारी आला होता. बापूंच्या गावातल्या मराठी मंडळाने इंटरनेटवर स्वतःचा छोटा रेडिओ चालवला होता. दसऱ्याच्या दिवशी तिथल्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, बापू त्यावर बोलणार होते. त्यांना सांगून ठेवले होते की इथे कोणी उत्तर देत नसते, तुम्ही आपले बोलत राहा. बापूंना हे फार पटले. त्यांनी निरोप पाठवला की मी दुसऱ्या कोणासाठी नाही, अक्कासाठी बोलणार आहे.

मग अवंती कामाला लागली. धारला उदाजीरावांकडे, म्हणजे अक्काच्या मुलाकडे, दुकानाचा एक जुना संगणक घरी आणून ठेवला होता. व्हायरसने तो बंद पडला, तेव्हा अवंतीनेच त्याच्यावर फुकट मिळणारी खुली प्रणाली चढवली होती. पण त्या प्रणालीत रेडिओचा आवाज उलगडणारा भाग नव्हता. आणि धारची टेलिफोनची लाइन अशी, की एक फोटो उघडेपर्यंत चहा होऊन जाई. म्हणून अवंतीने ठरवले की प्रोग्राम, त्याला लागणारे सगळे लहानमोठे मदतनीस आणि शेवटी आवाजाचा भाग, असे सारे एकाच पाकिटात बांधायचे. धारला जाऊन एक बटण दाबले की सगळे आपोआप जागेवर बसले पाहिजे.

मित्रांनो, प्रवासाचे सामान बांधतात तसेच हे बांधणे असते. एक मदतनीस विसरला की दुसरा रुसून बसतो. अवंतीने पाकीट बांधले, आपल्या संगणकावर बसवून पाहिले, मोडले, पुन्हा बांधले. बटणांवरची इंग्रजी नावे काढून मोठ्या अक्षरांत मराठी नावे घातली. तिचे सगळे शिक्षण हिंदीत झालेले, त्यामुळे तिने 'सुनो' आणि 'रोको' असे लिहिले होते. अशोकरावांनी चष्मा वर सरकवून ते वाचले आणि म्हणाले, "अगं, अक्का हे वाचून मलाच फोन करेल, की पोरीला काय शिकवलंस म्हणून." मग 'ऐका' आणि 'थांबवा' झाले.

शेवटी तिने मला संगणकात घातले आणि ते पाकीट माझ्या अंगावर लिहिले. आमचे लिखाण मधल्या भोकापासून सुरू होते आणि बाहेर बाहेर जाते. आवाजाचा भाग सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत बाहेर आला. पाठीवर तिने जाड पेनाने नाव लिहिले, 'अक्काचा रेडिओ'. कॉलेजात तिने मला सगळ्यांना दाखवले. "एक क्लिक में पूरा सेट हो जाता है," असे ती सांगत होती आणि मैत्रिणी मला कडेने धरून पाहत होत्या. मला खोटे कशाला बोलू, फार गर्व झाला होता. अशोकराव म्हणाले, "अजून एक काढून ठेव ना." अवंती म्हणाली, "अरे बाबा, एकच बस झाली की."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवंती मला डब्यात घालून, वर रुमाल गुंडाळून धारला घेऊन आली. तिला लगेच संगणक सुरू करायचा होता. अक्काने अडवले.

"उद्या पूजा व्हायची आहे. नवी वस्तू पूजेआधी कामाला लावीत नसतात."

"अक्का, फक्त चेक करते गं."

"पूजा झाली की कर. शुभ काम आहे."

अक्कापुढे कोणाचे चालत नसे. अवंतीने डबा चौरंगाजवळ ठेवून दिला.

दसऱ्याला त्या घरात दुपारच्या मुहूर्तावर शस्त्रांची पूजा असते. चौरंगावर अक्काच्या सासऱ्यांची तलवार, एक कट्यार, मग काळाप्रमाणे आलेला पाना, शिवणयंत्राची कात्री, स्कूटरची किल्ली. उदाजीराव दुकानातली पूजा करायला गेले होते आणि अवंतीही त्यांच्याबरोबर गेली होती. अक्का एकटीच घरात होती. तिने संगणकाला हळद-कुंकू वाहिले आणि मग मला डब्यातून काढले.

तिने माझ्यावरचे नाव वाचले. पुन्हा वाचले. स्वतःचे नाव एका नव्या वस्तूवर लिहिलेले तिने प्रथमच पाहिले असावे. कुंकवात बुडवलेले बोट तिने पुढे आणले आणि थांबली. अक्षरांवर कुंकू लावायचे नाही, अक्षरे म्हणजे सरस्वती, असे तिला लहानपणापासून शिकवलेले. म्हणून तिने मला अगदी जपून उलटे केले आणि माझ्या स्वच्छ, कोऱ्या दिसणाऱ्या बाजूवर ओले कुंकू लावले, हळद लावली, अक्षता ठेवल्या आणि हात जोडले. मला त्या क्षणी ओरडावेसे वाटले. पण आम्हाला संगणकाशिवाय वाचा नसते.

पूजा आटोपल्यावर तिला वाटले, पोरीच्या नव्या वस्तूला डाग नको. तिने पदराने मला पुसले. गोल गोल, ताट पुसावे तसे, आणि कडेकडेने जास्तच मन लावून. हळदीची भरड आणि अक्षतांची कणी माझ्या अंगावर फिरत राहिली. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता.

अवंती परत आली तेव्हा अक्का म्हणाली, "तुझ्या रेडिओची पूजा केली हं मी. आता बसव."

संगणकाने मला आत घेतले. आतले लिखाण त्याने सहज वाचले. प्रोग्राम बसला, मराठी खिडकी उघडली, मदतनीस एकामागून एक जागेवर गेले. मग आवाजाच्या भागाची पाळी आली आणि संगणक अडखळला. त्याने मला जोरात फिरवले, हळू फिरवले, पुन्हा जोरात फिरवले. शेवटी त्याने मला वाचता येत नाही म्हणून सांगितले. अवंतीने मला बाहेर काढून ट्यूबलाइटखाली धरले. बाहेरच्या कडेला गोल ओरखडे होते आणि ओरखड्यांत लाल रंग भरला होता. तिने अक्काकडे पाहिले. अक्का ठेवणीतले लुगडे नेसून, आरामखुर्ची संगणकासमोर ओढून बसली होती.

"छान केलीस पूजा," अवंती म्हणाली आणि तिने मला ओढणीखाली घेतले.

देवासला जाऊन दुसरी सीडी आणायला वेळ नव्हता. आवाजाचा तो एक भाग टेलिफोनच्या लाइनवरून उतरवून घ्यायचा, एवढाच मार्ग होता. तिने ते सुरू केले. मुंगीच्या पावलाने ते उतरत होते. उदाजीराव दारातून माळवी थाटात सगळ्यांना म्हणाले, "भिया, कोणी फोन उचलू नका रे, लाइन चालू आहे."

कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा काम अर्ध्यावर होते. अवंतीने तरीही 'ऐका' बटण दाबले. पडद्यावर मंडळाचे नाव आले आणि त्याखाली ओळ आली, 'धारच्या अक्कासाठी, बापू'. शेजारी सेकंदाचे आकडे पुढे सरकू लागले. आवाज मात्र नव्हता.

अक्का कानामागे हात धरून पुढे वाकली. "सुरू झालं?"

"हो."

"मग तो बोलत का नाही?"

"बोलताहेत, अक्का. अपने को सुनाई नहीं दे रहा."

अवंतीला ठाऊक होते की रेडिओ बंद केला, तर लाइन मोकळी होईल आणि आवाजाचा भाग लवकर उतरेल. तिने 'थांबवा' बटणाकडे बाण नेला. अक्काने तिचा हात धरला.

"राहू दे गं. त्याचं नाव दिसतंय."

अवंतीला ते बंद करवले नाही. आकडे सरकत राहिले. बापू तिकडे बोलत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या नावाकडे बघत बसलो होतो. आवाजाचा भाग उतरून बसला तेव्हा स्पीकरमधून टाळ्या ऐकू आल्या. मग एक बाई उत्साहाने म्हणाली, "धन्यवाद बापू. आता आपल्या बालगोपाळांचा नाच."

"संपलं?" अक्काने विचारले.

अवंती खाली बघत म्हणाली, "माझी चूक झाली, अक्का. आवाजाचं पाकीट मीच नीट बांधलं नव्हतं."

"असू दे," अक्का म्हणाली. "पुढच्या वेळी नीट बांध."

मित्रांनो, ते पाकीट अगदी नीट बांधलेले होते. हे अवंतीला माहीत होते आणि मला माहीत होते. मंडळाने कार्यक्रम साठवून ठेवला नव्हता, कारण तेवढी जागा त्यांच्याकडे नव्हती. दिवाळीला बापू पुन्हा बोलणार होते, हाच काय तो दिलासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेहून अवंतीच्या थोरल्या काकांचा फोन आला. बापूंना तिकडे दिवसभर एकच घोर होता, अक्काने ऐकले का? बापू काकांच्या शेजारीच उभे होते. अक्काने फोन घेतला. अवंती तिच्याकडे बघत होती.

"ऐकलं," अक्का म्हणाली. "सगळं ऐकलं, लिहून दाखव त्याला. म्हणावं, आवाज अजून तसाच आहे."

काकांनी ते कागदावर लिहून बापूंना दाखवले असणार. पलीकडून बापूंचे मोठमोठ्याने हसणे आले, तेवढे मात्र खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आले.

बापू दिवाळीआधीच गेले.

अवंतीने पुन्हा प्रोग्राम बांधून आणला, नव्या सीडीवर, आणि तिची एक जास्तीची प्रतही काढली. अक्काचा रेडिओ उत्तम चालू लागला. आलेल्या-गेलेल्यांना अक्का रेडिओ दाखवी आणि सांगे, "आमच्या अवंतीनं केलाय. पहिल्यांदा थोडं कच्चं राहिलं होतं, पण आता शिकली." अवंती समोर असली, तर हसून सोडून द्यायची. मी कपाटात पडल्या पडल्या ते ऐकायची आणि मला फार लागायचे.

बापूंच्या वर्षश्राद्धाला काका धारला आले. जेवणे झाल्यावर अक्काने त्यांना जवळ बसवले. तिने खोटे सांगितले होते, म्हणून वर्षभर तिला कोणाला विचारता आले नव्हते.

"मला काही ऐकू आलं नव्हतं रे," ती म्हणाली. "काय बोलला होता तो?"

 काका म्हणाले, "अक्का, बापू अर्धं मालवी बोलीत बोलले. बागलीचं काहीतरी होतं, कुण्या बाईचं, कुठल्या तरी विहिरीचं. मधेच तुमच्या लहानपणीचे कसलेसे शब्द. स्वतःच हसत होते, मग रडले. तिकडे सगळे पुण्या-मुंबईचे, आणि ते जुने शब्द मला पण कळले नाहीत. आम्ही म्हटलं, अक्काला कळतंय ना, मग झालं."

अक्काने मान हलवली. बागलीची कोणती बाई आणि कोणती विहीर, हे तिने मनातल्या मनात शोधून पाहिले असेल. ती शेवटपर्यंत शोधत होती, असे मला वाटते. कारण पुढे रेडिओ चालू असला, तरी तिचे लक्ष त्यात नसे.

मित्रांनो, सीडी गोल गोल पुसू नये, मधून बाहेर पुसावी, हे मी तुम्हाला सांगू शकते, पण आता तुम्हाला सीडी पुसायची वेळच येणार नाही. तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस जुन्या बोलीत, जुन्या शब्दांत काही सांगत असेल आणि तुम्हाला ते कळत नसेल, तर ज्याला कळते त्याच्यापर्यंत ते आजच पोहोचवा. आणि तेही जमले नाही, तर निदान त्याच्याजवळ बसून विचारा, कोणती बाई, कोणती विहीर. बापूंना हे विचारायला त्या दिवशी तिथे कितीतरी माणसे होती.