गुण्यात बसवलेला स्फटिक

विद्याश्रीच्या आलेखावरचं टोक नाहीसं झालं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली एकट्या संगमेशकडे होती, तिच्याच बरोबरीनं संशोधन करणाऱ्या.

साल १९९६. दसरा नुकताच सरला होता. अतिवाहकात, म्हणजे विजेला अजिबात न अडवणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात. पण तांबं असलेल्या नव्या अतिवाहकांत ती जोडी सगळ्या दिशांना सारखीच, की दिशेगणिक तिचं अधिक-उणे चिन्ह पालटतं, यावर जगभर वाद पेटला होता. चिन्ह पालटत असेल, तर स्फटिकाच्या तिरक्या अंगाला सुई टेकवल्यावर आलेखात मधोमध टोक उभं राहायला हवं. पशुपैदास केंद्रातून आणलेल्या द्रव नायट्रोजनमध्ये स्फटिक बुडवून विद्याश्रीनं ते तीनदा पाहिलं होतं. सगळा प्रबंध त्यावर उभा. आणि सुट्टीनंतर बघते तर सपाट रेघ!

संशयाला काय, टेकायला जागा दिली की तो पाय पसरतो. संगमेश एवढा गप्प का? आपल्याआधी स्वतःचं छापायचं असेल. रोज चहा पाजतो, तोही त्याचसाठी! कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच. चौथ्या दिवशी तिनं विभागप्रमुखांना लेखी कळवलं, की संगमेशनं नमुन्यात ढवळाढवळ केली. चौकशी होईस्तोवर त्याला घरी बसवलं.

आठवड्यानं ती नवा स्फटिक पट्टीवर तिरका चिकटवत होती, त्याचं तिरकं अंग सुईसमोर यावं म्हणून. वर्कशॉपचे जुने मिस्त्री, केरबा, दारात थबकले.

"ताई, परत वाकडंच? खंडेनवमीला समद्या हत्यारांसंगं तुमची पट्टी बी पुजंला मांडलती. वाकडं बघवंना, म्हणून खडा सोडवून गुण्यात, पार काटकोनात, सरळ बसवून दिलता की!"

"आत कसे आलात तुम्ही?"

"आता गं! गावाला जाताना तुम्हीच न्हाई का किल्ली दिलती?"

दिली होती. पूजेसाठी म्हणून, तिनंच. विद्याश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तक्रार मागे घेत असल्याचा कागद लिहून ती तशीच गडमुडशिंगीला, संगमेशच्या गावी गेली. संगमेश घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला.

त्यानं तो घेतला नाही. "कालच कबुली लिहून दिली मी. संशोधनातनं नाव काढून टाकलं माझं."

"न केलेल्याची कबुली? का पण?"

"तू उगंच कुणावर आळ घेणारी न्हाईस. मला वाटलं, माझाच कुठंतर हात लागला असंल. आठ दिवस तेच आठवत बसलोय."