रुक्माच्या वाटणीचं तळण

मी रुक्माची कढई बोलतेय. भिलाईजवळच्या हथखोजमधल्या एका लहानशा कारखान्यात लोखंडी पत्रा ठोकून मला घडवलं. रुक्मा लग्न होऊन भिलाईच्या क्वार्टरात आली, तेव्हापासून मी तिच्याकडे आहे.

या घराला तळणाचा भारी शौक. तिचा नवरा देवीदास स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आला की भजी, लेक प्रेरणा कॉलेजातून आली की वडे. "अजून काढ ना वो!" म्हणत दोघं ताटं पुढं करायची आणि पोट भरलं की उठून जायची. उरलेलं थंड, तेलकट तळण रुक्मा संपवायची. अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. तेच काळं पडलेलं तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यात.

देवीदासचं पोट सुटलेलं, म्हणून लोक त्यालाच टोकायचे. रुक्मा मात्र काडीसारखी. ती लवकर थकते, हे कुणी मनावर घेतलंच नाही.

एका रविवारी, सकाळपासून उपाशी असलेल्या रुक्माला पुऱ्या तळता तळता भोवळ आली. तिचा हात माझ्या कडीला लागला. उकळतं तेल तिच्या अंगावर सांडणार, तोच प्रेरणानं तिला मागं ओढलं. मी कलंडता कलंडता राहिले.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. घरी आल्यावर देवीदास ओट्यापाशीच उभा राहिला.

"एवढीशी तू, अन् लिव्हरवर चरबी? शुगरही वाढून राहिली म्हणे."

"बारीक माणसालेही होते बाबा, डॉक्टरनं सांगितलं ना," प्रेरणा म्हणाली. "खाणं बदललं, रोज चाललं, तं कम होऊ शकते."

रुक्मानं सवयीनं उरलेल्या पुऱ्यांची ताटली ओढली. देवीदासनं तिचा हात धरला.

"नको खाऊ."

"मंग फेकू का? अन्न होय ते."

त्यानं ताटली बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाला, "उरते कावून? आमी मागत राहतो म्हणून. अन् तू काय खाते, मले मालूमच नव्हतं."

"विचारलं कधी?" रुक्मा एवढंच बोलली.

आता तिघं एकाच वेळी जेवतात. डाळ, भाकरी, चमचाभर तेलातली भाजी. "फिक्कं लागते," म्हणून देवीदास सुरुवातीला कुरकुरला, पण आता मुकाट्यानं खातो आणि संध्याकाळी रुक्माला घेऊन फिरायला जातो. परवाच्या तपासणीत चरबी उतरलेली दिसली. त्या दिवशी मला घासताना रुक्मा गुणगुणत होती.

मी हल्ली बहुतेक पालथीच असते. सणावारी थोडं तळण होतं, तेवढंच. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरी जी कढईपाशी उभी असते, तिचं ताट आधी वाढा. गरम असताना.