तीन इंची गुंडाळी

हिंदुरावांनी बंक बेडचा वरचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. पलंग जागचा हलला नाही. शेजारचं कपाट मात्र करकरलं.

"काका, पलंग आहे तो. चिंचेचं झाड नाही," दुकानदार खुर्चीतून न उठता म्हणाला.

हिंदुरावांनी लक्ष दिलं नाही. पलंग शोधायला लागल्यापासूनचा हा तिसरा रविवार आणि हे चौथं दुकान. मुलगा विक्रम गाडीला जागा मिळत नाही म्हणून कर्वे रस्त्यावर फेऱ्या मारत होता. सून कल्याणी दोन पिशव्या सांभाळत उभी होती. नऊ वर्षांची संस्कृती आणि पाच वर्षांचा पृथ्वीराज गाद्यांच्या ढिगावर चढून बसले होते आणि आबांच्या तोंडाकडे बघत होते. आबांचं तोंड कधी वाकडं होतं, एवढंच आता बघायचं राहिलं होतं.

हिंदुरावांनी शर्टाच्या खिशातून क्रेप बँडेजची गुंडाळी काढली. बरोबर तीन इंच रुंदीची. कठड्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत ही सरळ उभी धरायची. आरपार गेली तर फट मोठी, झोपेत पोराचं अंग त्यातून घसरू शकतं. अडली तर ठीक. मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण मोजपट्टी आपल्याला हवी तशी धरता येते, असं ते म्हणत.

गुंडाळी अडली. त्यांनी अंगठ्याने जरा रेटली, आणि ती पलीकडे जाऊन गादीवर पडली.

"गेली बघा," ते म्हणाले. "फट मोठी हाय."

"रेटून घातली तर म्हैसही जाईल, काका."

कल्याणीने गादीवरच्या गुंडाळीकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे बघितलं. मग मुलांना म्हणाली, "चला, उतरा खाली."

पृथ्वीराजने भोकाड पसरलं. संस्कृती रडली नाही, पण दाराशी जाईपर्यंत तिने तीनदा मागे वळून त्या पलंगाकडे बघितलं. हिंदुरावांनी ते मोजलं होतं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

आता हे हिंदुराव म्हणजे कुणी लाकडातले तज्ज्ञ नव्हेत. सदाशिव पेठेतल्या एका हाडांच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्लास्टर घातली. हाड बसवायचे डॉक्टर, नाव व्हायचं डॉक्टरांचं, आणि ते व्हावंच. पण पुढचे पाच आठवडे पोराच्या हातावर जे राहायचं ते हिंदुरावांचं काम. अर्ध्या पेठेतली पोरं त्यांना प्लास्टरमामा म्हणायची. सुट्ट्या लागल्या की झाडावरून पडलेली यायची, परीक्षेच्या दिवसांत जिन्यावरून. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत मात्र एक नवंच सुरू झालं होतं. "कुठनं पडलास रे?" असं विचारलं की पोरगं म्हणायचं, "वरच्या बेडवरून." शिडीच्या गोल दांड्यावरून पाय सटकलेली, जाड गादी घातल्यामुळे कठडा बुडला म्हणून लोळत खाली आलेली, वर उभं राहून पंख्यात हात घातलेली. म्हणून पलंगाची पारख त्यांच्याकडे आली होती, आणि खरी होती. आधीची तीन दुकानं त्यांनी याच कारणांवरून नाकारली, त्यात काही चूक नव्हती.

प्लास्टर सुकत आलं की ते एकच वाक्य म्हणायचे, "बोटं हलव बघू." प्लास्टर आवळलं गेलं असेल तर बोटं निळी पडतात, हलत नाहीत. हलली म्हणजे रक्त खेळतंय, घरी जा, आईस्क्रीम माग. दिवसातून दहा वेळा हे म्हणून ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोला, कांताबाईंना, अर्धांगाचा झटका आला, तेव्हाही ते रोज सकाळी तिचा हात हातात घेऊन तेच म्हणायचे. अकरा दिवस उजव्या हाताची दोन बोटं हलायची. बाराव्या दिवशी हलली नाहीत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी संस्कृती आपली उशी काखेत मारून आबांच्या खोलीत आली. "आजीच्या बाजूला मी झोपू?" म्हणाली. तिच्या मागोमाग पृथ्वीराज आला, त्याने विचारलंही नाही. दिवा मालवला की संस्कृती आपला हात आबांच्या तळहातावर ठेवायची. "बोटं हलव बघू," ते म्हणायचे. ती हलवायची, आणि मग दोघांनाही झोप लागायची. त्या घरात त्या दिवसांत हिंदुरावांना कुणी जगवलं असेल तर त्या पाच बोटांनी. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण गोष्ट तीच होती.

आता पोरगी नऊ वर्षांची झाली. पाय लांब झाले. पृथ्वीराज झोपेत फुटबॉल खेळायचा. "आबा, तुम्ही घोरता पण," असं एकदा तिने अगदी दबकत सांगितलं. तिची मैत्रीण शेफाली वरच्या मजल्यावर राहायची, तिच्याकडे बंक बेड होता, म्हणजे संपलंच. कर्वेनगरचा फ्लॅट दोन बेडरूमचा. बंक बेड यायचा तर आबांच्या खोलीतला डबल बेड जायला हवा, आणि आबांनी हॉलमध्ये दिवाणावर झोपायला हवं. विक्रमने घसा खाकरत खाकरत हे मांडलं, तेव्हा हिंदुराव लगेच म्हणाले, "मग त्यात काय झालं? घेऊन टाका." सगळ्यांना किती हलकं वाटलं. आणि पुढच्याच रविवारी ते खिशात गुंडाळी घालून निघाले.

दुकानातून बाहेर पडल्यावर विक्रम मुलांना घेऊन गाडीत बसला. कल्याणी सासऱ्यांना घेऊन समोरच्या अमृततुल्यमध्ये शिरली. चहा आला. हिंदुरावांनी कप बशीत गोल फिरवला, पुन्हा उलटा फिरवला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला बंक बेड नकोच आहे का?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"म्हणाला नाहीत. म्हणून तर विचारतेय." कल्याणी आवाज न चढवता बोलत होती, हीच तिची खोड. "नको असेल तर सरळ सांगा. आईंचा पलंग आहे तो, मला कळत नाही का? आपण राहू देऊ. मुलांना मी समजावीन."

"पोरांच्या हाडाचा प्रश्न हाय, कल्याणी. एकतीस वर्षं बघितलंय मी. तुला वाटतंय मी उगाच..."

"मला काही वाटत नाही. चहा घ्या, गार होतोय."

तिने विषय तिथेच सोडला, आणि हिंदुरावांना तेच जड गेलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी त्यांना घरात बसवेना. पेपर चार वेळा उघडला, चारही वेळा राशिभविष्यावर मिटला. दुधाची पिशवी आणायला खाली गेले आणि दूध न आणता कॅनॉलच्या कडेने थेट राजाराम पुलापर्यंत चालत गेले. परत आले. दूध राहिलं म्हणून पुन्हा खाली उतरले. दुपारी खोलीत जाऊन पलंगावर कांताबाईंच्या बाजूला बसले, लगेच उठले, जाऊन आपल्या बाजूला बसले. फट मोठी होती का? नव्हती. गुंडाळी अडली होती, हे त्यांच्या बोटांना चांगलं माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या आयांना खोटं सांगितलं नव्हतं. "दुखणार हाय, पण बसेल," असं तोंडावर सांगायचे. आणि काल नऊ वर्षांच्या पोरीसमोर त्यांनी अंगठ्याने रेटून खोट काढली. त्यांची त्यांनाच शरम वाटली.

साडेचारला त्यांनी चपला घातल्या. "जरा जाऊन येतो," एवढंच म्हणाले. कल्याणी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती, तिने मान हलवली.

दुकानदाराने त्यांना दारातच ओळखलं. "या. म्हशीला आणलं नाहीत?"

"पुन्हा बघायचाय."

"बघा की. कालपासून त्याची फट काही वाढलेली नाही."

हिंदुरावांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. शिडी नव्हतीच, रुंद पायऱ्या होत्या, अर्धवट झोपेतलं पाऊलही नीट बसेल अशा. कोपरे गोल होते. वरच्या गादीपासून कठडा सव्वा वीत वर येत होता. खाली बसून बघितलं, डोकं आपटत नव्हतं. वाकून बोल्ट बघितले, आत लोखंडी पट्टी होती. मग त्यांनी गुंडाळी काढली आणि फटीत सरळ उभी धरली. अंगठा मुद्दाम मागे घेतला. ती अडली. दुसऱ्या फटीत धरली, तिथेही अडली. अकरा ठिकाणी धरून बघितली आणि अकराही ठिकाणी ती जागच्या जागी राहिली.

त्यांना वाईट वाटलं. खरं तर इतका चांगला पलंग बघून माणसाला आनंद व्हायला हवा. त्यांनी दुकानात दारापर्यंत एक फेरी मारली, परत आले, पुन्हा गेले. अजूनही घरी जाऊन काहीच बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. कल्याणी स्वतः म्हणालीच होती, राहू देऊ. पोरं दोन दिवस रुसतील आणि तिसऱ्या दिवशी उशा घेऊन येतील. पोरीचा हात पुन्हा तळहातावर येईल.

"सापडली का खोट?" दुकानदाराने विचारलं.

"पलंगात न्हाई," हिंदुराव म्हणाले.

दुकानदाराला काय समजलं कोण जाणे, पण त्याने प्रथमच खुर्चीतून उठून त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. हिंदुराव बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सुनेला फोन लावला.

"कल्याणी, कालच्या दुकानात आलोय. हाच घेऊ."

"पण फट?"

"फट बरोबर हाय. काल मी रेटली होती."

"माहितीय मला," कल्याणी म्हणाली.

"माहिती होतं तर बोलली का न्हाईस दुकानात?"

"मुलांसमोर काय बोलायचं, बाबा?"

हिंदुरावांनी खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, मग नाकही पुसलं. "ऐक," ते म्हणाले, "दोन गोष्टी हायेत. वर संस्कृती झोपेल. पृथ्वी सहा वर्षांचा होईस्तोवर खालीच, किती का रडेना. आणि डोक्यावरचा पंखा काढायचा, भिंतीवरचा लावायचा. विक्रमला आजच सांग, तो विसरतो."

"सांगते. तुम्ही रिक्षाने या हं, चालत नका येऊ."

ते चालतच आले.

गुरुवारी सकाळी लोणी काळभोरहून पुतण्या संपत टेम्पो घेऊन आला. त्याच्या घरी नवी सून येणार होती, डबल बेड हवाच होता. चौघांनी मिळून तो चारदा तिरका करून दाराबाहेर काढला. "तात्या, काळजी नगं. काकूचा पलंग हाय, नीट ठेवतो," संपत म्हणाला. हिंदुरावांनी फक्त दोरीची गाठ ओढून बघितली आणि ती सैल आहे म्हणून स्वतः पुन्हा बांधली. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ते बराच वेळ फाटकाशी उभे होते.

दुपारी दुकानाची माणसं आली आणि तासाभरात बंक बेड उभा राहिला. पंखा भिंतीवर गेला होता. मुलं शाळेतून आली ती दप्तरासकट खोलीत घुसली. पृथ्वीराजने खालच्या पलंगाला आपली गुहा म्हणून जाहीर केलं, त्यामुळे रडण्याचा प्रश्नच मिटला. संस्कृती पायऱ्या चढून वर गेली आणि आडवी झाली. खालून ती दिसेनाशी झाली.

हिंदुराव कठड्याजवळ गेले. कठडा त्यांच्या कपाळाएवढ्या उंचीवर होता. घरी उभा केल्यावर पलंग पुन्हा तपासायचा, हे त्यांनी ठरवलंच होतं. त्यांनी गुंडाळी काढून पहिल्या फटीत धरली. अडली. दुसऱ्या फटीशी नेली, तेवढ्यात आतून एक हात बाहेर आला आणि गुंडाळी बाजूला सारून तिथेच लोंबत राहिला.

"आबा, विचारा ना," वरून आवाज आला.

"काय विचारू?"

"तुम्हाला माहितीय."

दाराशी कल्याणी येऊन उभी राहिली होती, ती पाण्याची बाटली घेऊन तशीच मागे फिरली.

"बोटं हलव बघू," ते म्हणाले.

बोटं हलली. त्यांनी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक करून पाचही बघितली, गुंडाळी खिशात टाकली, आणि दिवाणावर चादर घालायला हॉलमध्ये गेले.