मानवलेली गोळी

त्या काळी फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या किनाऱ्यावर औषध डॉक्टरांपेक्षा शेजारच जास्त ठरवायचा. एखादी गोळी कुणाला मानवली, की ती घरोघर फिरायची.

तिओदुलोचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. नीट तपासून औषध ठरवू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला सोमवारी बोलावले होते. पण त्याआधीच त्याची थोरली बहीण कोन्सोर्सिया स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन हजर!

"रांगेत कशाला ताटकळतोस? मला बघ कशी मानवलीय. घोडीसारखी पळते मी."

"पळतेस खरी, पण माजाँगच्या जुगाराच्या टेबलाकडेच," म्हणत तिओदुलोने गोळी गिळली आणि मग रोज एक घेऊ लागला.

त्याची बायको रोसेंदा हिलाही ते पटले. भाऊबहिणीचे रक्त एक, मग औषध वेगळे कशाला?

तिओदुलो जाळे विणताना नेहमी शीळ घालायचा. दुसऱ्या दिवशी शीळ मध्येच तुटू लागली. तिसऱ्या दिवशी अंगणात वाळत घातलेली मासळी उलटताना रोसेंदाला पुन्हा शीळ ऐकू आली आणि ती हसून वळली. त्याचे ओठ मिटलेले होते. शीळ छातीतून येत होती.

"दाब चढलाय गं! आणखी एक दे," कोन्सोर्सिया ओरडली.

रोसेंदाने गोळी त्याच्या ओठांपाशी नेली. ओठ निळसर दिसत होते. तिचा हात तिथेच थांबला.

"नको ताई! रिक्षा बोलवा!"

आरोग्य केंद्रात औषधाची वाफ आणि सुई दिल्यावर त्याचा श्वास हळूहळू मोकळा झाला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली.

"ह्यांना कधी दमा होता?"

कोन्सोर्सियाचा चेहरा उतरला. "लहानपणी. धाप लागली की मीच पाठीवर घेऊन फिरायचे."

"ही गोळी मी तुमच्या दाबाबरोबर छातीची धडधडही पाहून दिली होती. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या हिने आवळू शकतात."

"पण बाई, आमचं रक्त एकच ना!"

"रक्त एक असेल. छाती ज्याची त्याची असते. आणखी एक गोळी दिली असती, तर आज मी कुणाला तपासलं असतं?"

कोन्सोर्सियाने पट्टी परत घेऊन मुठीत दाबली.

तिओदुलोसाठी वेगळे औषध ठरले आणि ते त्याने नेमाने घेतले. पुढे कुणी गोळी मागितली, की कोन्सोर्सिया पट्टी मुठीत दाबून म्हणायची, "माझी माझ्यापाशी. तू तुझी छाती दाखवून ये."

वाचकहो, रक्तदाबाला औषध हवेच. पण ते तपासून, जुनी दुखणी सांगून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि मनाने बंदही करू नका. माया करणाऱ्या हातांनीही जीव जाऊ शकतो. कोन्सोर्सिया तर पुढे कितीतरी दिवस भावाच्या कुंपणाबाहेर उभी राहायची. शीळ ओठांतूनच येते आहे ना, हे ऐकून मगच आत यायची.