अकरा ते दोन

पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक फाईल असते. वर्षातून एकदा ती खाली काढायची, सगळ्यांनी मिळून बघायची आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून पुन्हा वर ठेवायची. हैदराबादेत, अंबरपेठेत दत्तोबांच्या घरी ती फाईल हिरवी होती.

दत्तोबांचं गौलीगुड्यात पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान. सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी फोन करून तुमची निवड झाली आहे असं सांगितलं आणि नवराबायकोला आबिड्सच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. जेवणानंतर तीन तास पडद्यावर डोंगर, तळी आणि पांढऱ्या चादरी दाखवल्या. घरी परतले तेव्हा दत्तोबा एका क्लबाचे पंचवीस वर्षांचे सभासद झालेले होते आणि हातात ती हिरवी फाईल होती.

"टाइमशेअर म्हणजे काय हो बाबा?" असं त्रिवेणीनं विचारलं, तेव्हा त्यांनी अगदी सोपं करून सांगितलं. उदगीरकडच्या त्यांच्या गावी चार भावांची एक विहीर होती. विहीर सामाईक, पाणी पाळीनं. तसंच हे. खोली सगळ्यांची, वर्षातले सात दिवस आपली पाळी.

मग दर वर्षी ते पाहुण्यांसमोर मोठ्यानं सांगत, "यंदा आमची पाळी डिसेंबरात आहे बरं का." त्रिवेणी कपाळाला हात लावायची. दुसरा एखादा शब्द वापरा ना, असं किती वेळा म्हणाली, पण दत्तोबांना त्यात काय वावगं आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाळी आली आणि गेली, अशी सोळा वर्षं झाली. उन्हाळ्यात मोटारींचा हंगाम, दिवाळीनंतर कुणाचं ना कुणाचं लग्न, मधे त्रिवेणीचं बाळंतपण, मग कोरोना, मग दत्तोबांचा गुडघा. न वापरलेले दिवस पुढे ढकलता येतात एवढं कळल्यावर तर कुणाला घाईच राहिली नाही. आणि मागच्या फेब्रुवारीत दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या, दत्तोबा गेले.

नोव्हेंबरात क्लबाचं पत्र आलं. साठलेले दिवस डिसेंबरअखेर वापरा, नाहीतर ते जातील. त्रिवेणीचा विचार सभासदत्व सोडून द्यायचा होता. तिच्या आईनं, कुसुमताईंनी, चष्मा लावून पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "जाऊ या."

ही बातमी दत्तोबांच्या बहिणीला, राणीआत्याला, कळायला अर्धा दिवसही लागला नाही. तिनं फोन केला. वर्ष व्हायचं आहे वहिनी, लोक काय म्हणतील? आणि जायचंच तर काशीला जा, शामीरपेठेला काय ठेवलंय?

"काशीला त्यांनी पाळी घेतली नव्हती, वन्सं," कुसुमताई म्हणाल्या.

क्लबाच्या ठिकाणांपैकी शामीरपेठ कुसुमताईंनी मुद्दाम निवडलं होतं. घरापासून तासाभराचं अंतर, नाही करमलं तर परत येता येतं. रितेशला, त्रिवेणीच्या नवऱ्याला, रजा मिळाली नाही. म्हणून आई, मुलगी आणि बारा वर्षांची नात श्रुती अशा तिघी निघाल्या. गाडी चालवताना त्रिवेणीच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. आईचे हे चार दिवस बाबांनी सोळा वर्षं सांगितले तसेच जायला हवेत. त्यात तसूभरही कमी पडता कामा नये.

साडेअकराला त्या पोचल्या. काउंटरवर शिल्पा नावाची तरुण बाई होती. तिनं संगणकात पाहिलं आणि हसून विचारलं, दत्तोबा सर आले नाहीत का? सभासदांचं ओळखपत्र लागेल.

मृत्यूचा दाखला त्रिवेणीनं महिन्यापूर्वीच पाठवला होता. नाव तरीही बदललेलं नव्हतं. "ते कसे येतील?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सोफ्यावरची माणसं वळून बघायला लागली.

कुसुमताईंनी पिशवीतून स्वतःचं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "ते नाहीत आता, बाई. त्यांच्या जागी मी आले आहे."

शिल्पा ओशाळली. तिनं दोन फोन केले आणि पाच मिनिटांत नोंद सरळ केली. पण खोली दोन वाजता मिळेल म्हणाली. आधीच्या लोकांनी अकराला सोडायची, नंतरच्यांनी दोनला घ्यायची, असा नियम आहे. आम्ही गिऱ्हाईक नाही, मालक आहोत, असं त्रिवेणीनं सुनावलं. शिल्पानं मान डोलावली आणि पाण्याच्या तीन बाटल्या पुढे केल्या. तेवढ्यात टाय लावलेला एक माणूस आला आणि उद्या सकाळी सभासदांसाठी खास चहापान आहे, नव्या योजनेची माहिती आहे, जरूर या, असं सांगायला लागला. त्रिवेणीनं त्याला हातानंच वाटेला लावलं.

"जेवण आहे का त्यात?" कुसुमताईंनी मागून विचारलं. "मागच्या वेळी जेवण चांगलं होतं."

खोली मिळाली सव्वादोनला. खरं तर ते एक छोटं घरच होतं. बैठक, झोपायची खोली आणि ओटा, गॅस, फ्रीज असलेलं स्वयंपाकघर. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. ताटं चार, वाट्या चार, पातेली दोन, सांडशी एक. वापरलेली भांडी घासून ठेवावीत. चादरी मुक्कामात एकदा बदलल्या जातील.

"मम्मी, म्हणजे इथे मॅगी पण आपणच करायची?" श्रुतीनं विचारलं.

त्रिवेणीनं हॉटेल मनात धरलं होतं. रोज सकाळी कुणीतरी येईल, पलंग आवरेल, चहा आणून देईल. कुसुमताईंना मात्र गॅस पाहून बरं वाटलं. त्यांनी चहासाठी पातेलं काढलं. त्याच्या बुडाला दूध करपून काळं झालेलं. मोरी चहाच्या चोथ्यानं तुंबलेली, पाणी काठोकाठ.

त्रिवेणीनं काउंटरवर फोन लावला. दहा मिनिटांनी पन्नाशीची एक बाई धापा टाकत आली. पदर कमरेला खोचलेला, हातात घासणी. त्रिवेणीनं तिला दारातच धारेवर धरलं. ही सफाई म्हणायची का, झोपा काढता का, फुकट आलो आहोत का आम्ही, सगळं तिनं विचारून घेतलं.

"मेडम, वो लोगां साडेबारा को निकले," बाई म्हणाली. "छे रूमां हैं, हम दो जनियां. अब्बी करती मैं."

"नाम क्या है तुम्हारा?"

"यादम्मा."

त्रिवेणीनं नाव मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि तक्रार जाणार आहे असं बजावलं. यादम्मानं मोरीतला चोथा हातानं काढला, पातेलं घासलं, ओटा पुसला आणि निघून गेली.

दार लागलं. कुसुमताईंनी पलंगावर उघडी पडलेली आपली पिशवी जवळ ओढली आणि बाहेर काढलेली दोन लुगडी परत आत ठेवली.

"त्रिवेणी, मला घरी सोड."

"का? तुझ्यासाठीच बोलले ना मी?"

"माझ्यासाठी कुणाला असं बोलू नकोस."

"आई, बाबांनी सोळा वर्षं वाट पाहिली अशा जागेची. आणि शेवटी मिळालं काय, जळकं पातेलं?"

"ते तिनं जाळलं का?"

कुसुमताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या, पण त्या दिवशी बोलल्या.

"तू गावची विहीर पाहिलीस ती आटल्यावर. मी नवी नवरी होते तेव्हा चांगली भरलेली होती. तुझ्या बाबांची पाळी पहाटे संपायची. संपली की माणसानं घरी यावं की नाही? तर हे पाटात उतरायचे. गवत काढायचे, दगड काढायचे, कुठे फुटला असेल तर माती लावायचे. भाकरी गार व्हायची माझी. एकदा म्हटलं, तुमची पाळी संपली ना, आता कशाला? तर म्हणाले, माझी पाळी संपली, पाण्याची कुठे संपली?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"सगळे काही तसे नव्हते. एकदा तुझ्या चुलत आजोबांनी पाट तसाच तुंबलेला सोडला. आमचं निम्मं पाणी रानात गेलं. तुझे बाबा भांडायला गेले, हौ, गेलेच. पण चुलत्याच्या दारात गेले. रात्रभर पाणी धरून बसलेल्या गड्यावर नाही ओरडले."

"इथे चुलता कुठे शोधू मी?" त्रिवेणी पुटपुटली.

"नको शोधूस. पण हिशोब नीट लाव. एकांनी अकराला जायचं, दुसऱ्यांनी दोनला यायचं. मधले तीन तास कुणाचे? तुझे नाहीत, त्या लोकांचे नाहीत. ते यादम्माचे. तेवढ्यात दोघींनी सहा घरं लावायची. त्यातला दीड तास त्या लोकांनी खाल्ला, आणि वरून तू तिचं नाव लिहून घेतलंस. म्हणे मालक! पाळीनं येणारा मालक नसतो, बाई. आज आपण, परवा दुसरं कुणी."

श्रुतीनं टीव्हीचा आवाज केव्हाच बंद केला होता. कुसुमताईंनी पिशवीची चेन ओढली आणि मुलीकडे न बघता म्हणाल्या, "बाबा नाहीत, हे त्या बाईनं केलेलं नाही."

त्रिवेणी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. घासलेलं पातेलं पालथं घातलेलं होतं, अजून ओलं. दहा महिन्यांत ती किती जणांवर ओरडली ते तिला एकेक करून आठवलं. वीज कचेरीतला कारकून, गॅसवाला, दवाखान्यातली पावती देणारी मुलगी, आज काउंटरवरची शिल्पा. "ते कुठे आहेत?" असं ज्यानं ज्यानं साधेपणानं विचारलं, त्या प्रत्येकावर. आणि त्यातल्या एकाचाही काही दोष नव्हता!

ती बाहेर गेली. यादम्मा व्हरांड्याच्या टोकाला मळक्या चादरींची गाडी ढकलत होती. त्रिवेणीनं मोबाइल तिच्यासमोर धरला आणि लिहिलेलं नाव खोडून टाकलं. आपली चूक झाली, माफ करा, एवढं ती दखनी हिंदीत कसंबसं म्हणाली.

यादम्मानं तिच्याकडे नीट पाहिलं. "पहली बार आए?"

"हौ."

"पहली बारवाले सब्बी चिल्लाते मेडम. होटल समझके आते." ती आता हसत होती. "दूसरी बार आते तो पूछते, यादम्मा, चाय पिए क्या?"

"चाय पिए क्या?" त्रिवेणीनं विचारलं.

"नई पिए."

मग त्याच पातेल्यात कुसुमताईंनी चहा टाकला. पाहुण्यांच्या खोलीत बसायची मनाई होती म्हणून यादम्मानं तो दारात उभ्यानंच घेतला. साखर कमी आहे हेही तिनं सांगितलं. ती गेल्यावर कुसुमताईंनी पिशवीची चेन उघडली आणि लुगडी कपाटात लावली. घरी जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते चार दिवस दत्तोबांनी सांगितल्यासारखे नव्हते. चादरींना साबणाचा उग्र वास होता, आणि तळं दिसायचं ते फक्त न्हाणीघराच्या खिडकीतून. पण सकाळी तिघी मिळून पोहे करत. दुपारी खेळांच्या दालनात तंबोला चाले, तिथे कुसुमताईंनी पहिली ओळ जिंकली आणि बक्षीस मिळालेली प्लास्टिकची डबी दोन दिवस सगळ्यांना दाखवली. शेजारच्या खोलीतल्या विजयवाड्याच्या आजींना मराठी येत नव्हतं, यांना तेलुगू जेमतेम. तरी दोघींचं लोणच्यावरून तासभर चाललं. तिसऱ्या दिवशी राणीआत्याचा फोन आला. काय चाललंय म्हणून विचारलं.

"पोहायच्या टाकीत पाय सोडून बसले आहे," कुसुमताईंनी खरं ते सांगितलं.

मग आत्यानं हळूच विचारलं, "पाणी गार असतं का गं फार?"

निघायच्या दिवशी त्रिवेणी साडेनवालाच कामाला लागली. भांडी घासली, कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर ठेवली, वापरलेल्या चादरी एका जागी केल्या, मोरीत काही अडकलं नाही ना ते पाहिलं. कागदाशी ताडून बघताना एक चमचा कमी भरला, तो श्रुतीनं बागेतल्या मांजराला दूध द्यायला नेला होता. तो आणला, धुतला, ठेवला. साडेदहाला त्यांनी किल्ली परत दिली.

शिल्पानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सभासदाच्या रकान्यात आता कुसुमताईंचं नाव होतं. त्या नावाकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. त्रिवेणीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ताच सांगितल्या तर बरं, म्हणजे हवं ते ठिकाण मिळतं, असं शिल्पा म्हणाली. सभासदत्व सोडायचं त्रिवेणीच्या मनात होतं, पण आता ती आईकडेच बघत होती.

"लिहा," कुसुमताई म्हणाल्या. "माणसं चार. आमच्या वन्सं येतील."

वाचकहो, तुम्हीही कधी अशा ठिकाणी पहिल्यांदा जाल. तेव्हा हॉटेल मनात धरून जाऊ नका आणि मालकी डोक्यात घेऊनही जाऊ नका. खोली उशिरा मिळेल, भांडी आपली आपल्याला घासावी लागतील, कुणी नव्या योजनेचा चहा पाजायला येईल. त्यात रागावण्यासारखं फार थोडं असतं. आपल्या आधी तिथे कुणी राहून गेलेलं असतं, आपल्यानंतर कुणी येणार असतं, आणि दोघांच्या मधे अकरा ते दोन कुणाची तरी कंबर मोडत असते. हे फक्त अशा खोल्यांचं नाही. दवाखान्यातला पलंग, बसमधली जागा, बागेतला बाक, सगळं आपल्याला पाळीपुरतंच मिळालेलं आहे. निघताना पातेलं घासून ठेवावं. आणि आपल्या वाट्याला जळकं आलं, तर समोरच्यावर ओरडण्याआधी ते कुणी जाळलं एवढं विचारावं.