मर्डोचा ओढा

आमच्या गोल्फच्या मैदानावर सदस्यांपेक्षा मेंढ्या जास्त. त्यांचा हक्कही जुना आहे आणि वार्षिक सभेत त्या भाषणं करत नाहीत.

सहाव्या होलला मधे ओढा आडवा येतो. पलीकडे टेकडीभर हेदरची जांभळी फुलं, खाली तळं. सगळं इतकं देखणं, की बाहेरगावचे लोक तिथं चेंडू पाण्यात घालूनही खूश होतात. आम्ही होत नाही.

मर्डो मॅकअस्किल तर मुळीच नाही. वय ब्याऐंशी, नजर अधू. वसंतात त्यानं भर क्लबात जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी माझा चेंडू ओढा ओलांडणार नाही, त्या दिवशी गोल्फच्या काठ्या माळ्यावर!" आणि मर्डो बोलला की बोलला. बायको गेल्यापासून आमच्याबरोबरचा शनिवार सोडला, तर तो फक्त कुत्र्याशी बोलायचा. कुत्रा बहिरा होता. त्यामुळे त्या ओढ्याची धास्ती आम्हालाच जास्त.

ऑगस्टातल्या एका शनिवारी वारा समोरून होता. मर्डोनं फटका मारला. चेंडू उंच गेला, वर जरा विचारात पडला, आणि डुबुक.

"कुठं गेला रे?" मर्डोनं विचारलं.

"पलीकडे!" लॅकलन खाटीक ओरडला. "झकास, म्हाताऱ्या!"

"पलीकडेच," आमचा निवृत्त पोस्टमन फर्गस म्हणाला.

मी नुसताच खोकलो.

पूल ओलांडताच दोघं दोन दिशांना पळाले. लॅकलन गवतात वाकला. "हा बघ, सापडला!" चेंडूवर मर्डोची नेहमीची हिरवी फुली. तेवढ्यात तिकडून फर्गस ओरडला, "मिळाला रे मिळाला!" त्याच्याही पायाशी हिरवी फुली.

दोघांनीही खिशात तयारी ठेवली होती, एकमेकांना न सांगता. चांगलं काम करताना सल्लामसलत करायची आमच्याकडे पद्धत नाही.

मर्डोनं दोन्हीकडे डोळे किलकिले करून पाहिलं. "एका फटक्यात दोन? हे तरुणपणीही जमलं नव्हतं."

"एखादा मेंढीनं आणला असेल," फर्गस म्हणाला.

"गाढवांनो, डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत. डुबुक ऐकलंय मी."

लॅकलन बुटाकडे बघत म्हणाला, "अरे, तू आला नाहीस तर शनिवारी आम्ही करायचं काय?"

मर्डोनं दोन्ही चेंडू मागून घेतले आणि पुरावा म्हणून खिशात टाकले. मग म्हणाला, "हे प्रकरण समितीपुढे जाणार."

समिती म्हणजे आम्हीच चौघं. संध्याकाळी सूप पिता पिता सभा झाली. आरोपींनी स्वतःविरुद्ध मत दिलं, ठराव एकमतानं मंजूर. शिक्षा अशी: उरलेला मोसम दोघांनी खेळायचं नाही. मर्डोच्या पुढे चालायचं आणि चेंडू कुठं पडला ते खरं सांगायचं.

"पण तू तर काठ्या माळ्यावर टाकणार होतास ना?" मी हळूच विचारलं.

"टाकणार होतो. पण या दोन भामट्यांना मोकळं सोडून? आधी यांना वळण लावतो, मग बघू."

पुढच्या शनिवारी वारा तसाच. डुबुक.

"कुठं गेला?"

लॅकलननं फर्गसकडे पाहिलं, फर्गसनं टेकडीकडे.

"पाण्यात," दोघं एका सुरात पुटपुटले.

"शाब्बास! सुधारताय," मर्डो म्हणाला आणि त्यानं पिशवीतून दुसरा चेंडू काढला.